न सांगितलेली संहिता

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उलुरूचा तांबडा खडक सपाटीपासून ३४८ मीटर उंच उभा आहे. १८७३ साली विल्यम गॉस या सर्वेक्षकाने त्याला 'एअर्स रॉक' असे नाव दिले आणि पुढे शतकभर नकाशांनी तेच प्रमाण मानले. मराठी साहित्याचा एक अभ्यासक या खडकापाशी येतो, तेव्हा वाचनाची सवय त्याच्याबरोबर येते : जे दिसते ते चिन्ह मानायचे आणि प्रत्येक चिन्हाला अर्थ मागायचा.

मार्गदर्शक अनंगू समाजातील एक वृद्ध गृहस्थ आहेत. ते पित्जंत्जत्जारा भाषेत बोलतात; दुभाषा ते इंग्रजीत सांगतो. मुतित्जुलू पाणवठ्यापाशी ते थांबतात. आपल्या भाच्याचा सूड घेण्यासाठी कुनिया ही अजगरस्त्री इथे आली आणि लिरू या विषारी सर्पयोद्ध्याच्या मस्तकावर तिने दोन घाव घातले. कड्यावरच्या भेगा हे ते घाव, काळसर वळणदार रेघ ही तिची वाट. कथा खडकाविषयी नाही. खडक हीच कथा आहे.

"पुढे काय झाले?" अभ्यासक विचारतो.

"पाहुण्यांना सांगायची कथा एवढीच," वृद्ध शांतपणे म्हणतात.

या नकारात तुटकपणा नसतो. 'जुकुर्पा' या शब्दाचे 'स्वप्नकाळ' असे भाषांतर रूढ झाले असले, तरी त्यात स्वप्नाचा अंश नाही. तो नियम आहे, सृष्टीचा वृत्तान्त आहे, आचारधर्म आहे. त्यातले काही ज्ञान पुरुषांचे, काही स्त्रियांचे. काही वयाने आणि दीक्षेने पायरीपायरीने मिळणारे. खडकाच्या काही भागांची छायाचित्रे घेऊ नयेत, अशी विनंती वाटेवरच्या फलकांवर आहे. तिथली रूपे धर्मग्रंथासारखी असून ती मूळ ठिकाणीच पाहावीत, असे त्यांचे सांगणे. संहिता लेखकापासून सुटी होते, हे समीक्षेने मान्य केले आहे. ती स्थळापासून सुटी होऊ शकत नाही, हे मान्य करणे तिला अवघड जाते.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी भूमीची मालकी अनंगूंना परत मिळाली. त्याच दिवशी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी द्यावी लागली. त्यांची इच्छा नसतानाही पर्यटक खडकावर चढत राहिले. चढाई कायमची थांबली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, चौतीस वर्षांनी.

चढणाऱ्यांना अभ्यासक मनातल्या मनात दोष देतो, आणि मग त्याला महानुभावांची सकळ लिपी आठवते. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत झाकून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि मराठी गद्याचा इतिहास बदलला. हा उलगडा त्याने वर्गात नेहमी निखळ लाभ म्हणून शिकवला आहे. तो लाभ आहेच; 'लीळाचरित्रा'वाचून मराठीची कल्पना करवत नाही. पण झाकणाऱ्यांच्या दृष्टीने त्या झाकण्याला काय अर्थ होता, हा प्रश्न त्याने विद्यार्थ्यांपुढे एकदाही ठेवलेला नाही. गुप्तता ही त्याच्या लेखी केवळ अडथळा होती.

पुढच्या वळणावर फलक दिसतो. अभ्यासक कॅमेरा पिशवीत ठेवतो. वृद्ध ते पाहतात, काही बोलत नाहीत, आणि चालू लागतात. त्या कड्याविषयी अभ्यासकाच्या वहीत काहीही लिहिलेले नाही.