न सापडणारी मादी

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीतले सगळ्यांत अवघड काम गल्लीत होते; टेबलावरचे त्यामानाने सोपे. कुशीतून घेतलेला लहानसा छेद, आकडीने हाताशी आणलेले अंडाशय, रक्त न सांडता सैल केलेला बंध, हे सरावाने जमते. तरी अभिमान असतो तो याच गोष्टींचा. दोन शस्त्रक्रिया करणारे एकत्र आले की छेदाची लांबी आणि लागलेली मिनिटे यांपलीकडे बोलणे फारसे जात नाही. सेंटिमीटरभर छेद वाढल्याने कुत्रीचे काही बिघडत नाही. तो आखूड राखण्याचा हट्ट बराचसा करणाऱ्याच्या मिरवण्यासाठी असतो. चष्म्याचा नंबर वाढतो, बोटांना तासाभरात कळ लागते, बारीक गाठ शिकाऊ पोराकडे सोपवावी लागते. तेव्हा कुठे ही हौस ओसरते आणि टेबलापर्यंत कधी आल्याच नाहीत त्या कुत्रींकडे लक्ष जाते.

अशी एक तरी मादी प्रत्येक वस्तीत असते. गाडीच्या इंजिनाचा आवाज ती वळणावरच ओळखते. जाळीचा दांडा पाठीमागे लपवला तरी माणसाच्या चालण्यातला फरक तिला कळतो. पाचोऱ्यासारख्या गावात तिला लपायला जागाही भरपूर: रेल्वेचे रूळ, जिनिंगची आवारे, हिवरा नदीचे पात्र. एका बाजूने घेरले की दुसऱ्या बाजूने वाट मोकळीच. पकडणारा तिच्या डोळ्यांत बघत नाही, सरळ रेषेत चालत नाही, दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखा जवळून जातो आणि जाळी टाकतो ती एकदाच. पहिली जाळी चुकली की एकटी तीच नव्हे, आजूबाजूची सगळी टोळी शहाणी होते. म्हणूनच लोखंडी चिमट्याने मान आवळून दिवसाला गाडी भरणाऱ्यांचा या धंद्यातल्या जाणत्यांना राग येतो. क्रौर्य आहेच, शिवाय त्या गल्लीत पुढे वर्षभर कुणाचीच जाळी चालत नाही.

अशा कुत्रीला हात लावू शकते ती रोज भाकरी टाकणारी मावशी. तिच्या भरवशावर काम सोपे होते आणि तिथेच अडते. भाकरीच्या वेळी जाळी पडली की कुत्री त्या भाकरीवरही विश्वास ठेवत नाही, आणि मावशी गाडीवाल्यांवर. तिनेच उचलून पिंजऱ्यात ठेवली तर निम्मी धडपड वाचते. मात्र पोट भरलेल्या कुत्रीला त्याच सकाळी भूल देता येत नाही; झायलाझिनने उलटी होते आणि ती श्वासनलिकेत गेली तर संपलेच. म्हणजे एक रात्र उपाशी ठेवणे आले. तेवढ्या वेळात मावशीच्या दोन-तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला पदराआड बिस्किटांचा पुडा असतो.

हंगामाचे गणित याहून वाकडे. आपल्याकडच्या बहुतेक कुत्री भाद्रपदाच्या आसपास माजावर येतात, सुमारे ६३ दिवसांनी वितात आणि कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. म्हणजे काम उरकायचे ते भाद्रपदाआधी. पण वैशाखात खानदेशचा पारा ४४ अंशांवर जातो आणि भुलीत कुत्र्याच्या शरीराला स्वतःचे तापमान सांभाळता येत नाही. पहाटे सुरुवात करून ऊन चढण्याआधी शेवटचा टाका घालावा लागतो; दुपारी पिंजऱ्यांवर ओले बारदान टाकावे लागते. पावसाळ्यात ऊन सरते, चिखल येतो, जखम चिघळण्याची भीती वाढते. उशीर झाला तर गाभण कुत्री हाती येते. तिचे गर्भाशय फुगलेले, रक्तवाहिन्या जाड. तिथे आखूड छेदाची फुशारकी चालत नाही. सरकारी निधीची घाई मात्र मार्चअखेरीची. तोवर कुत्री वितात, आणि पिल्लांना पाजणारी आई उचलायची नसते. तिला पकडणे सोपे, कारण ती पिल्लांना सोडून पळत नाही. सोपी म्हणून तिलाच उचलणारेही आहेत.

ठेका दर कुत्र्यामागे दिला जातो, यात खरी खोट आहे. नर सहज सापडतो, त्याचे काम झटपट होते, बिल मादीइतकेच निघते. आकडा फुगतो, पण गावात उरलेले थोडे नरही सगळ्या माद्यांना पुरतात. जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात माद्यांवर भर देऊन हे काम झाले. तिथल्या सुमारे ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झाल्यावर कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली. त्यासाठी आठ वर्षे लागली. एका वर्षाच्या निविदेत एवढा फरक मागणारा आणि तो कबूल करणारा, दोघेही एकमेकांना फसवतात.

नसबंदी आयुष्यात एकदाच होते. रेबीजची लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच असलेली, एकदा फसलेली कुत्री पुढच्या वर्षी जवळ येत नाही, आणि रेबीजची साखळी तोडायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते. गोव्याने यावर चांगला मार्ग काढला. ‘मिशन रेबीज’च्या पथकांनी लसीसाठी कुत्रे गाडीत घातलेच नाही. घरचे आणि माणसाळलेले कुत्रे हातात धरून, बाकीचे जाळीत घेऊन जागीच टोचले, रंगाची खूण केली आणि सोडून दिले. मग रस्त्यावर फिरून खुणेची किती आणि बिनखुणेची किती हे मोजले. बिनखुणेची जास्त दिसली तर पथक पुन्हा त्याच वाड्यावर. २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य ठरले. टोचलेल्यांपेक्षा सुटलेल्यांची मोजणी करणे, हे तिथून उचलण्यासारखे आहे.

मारण्याचा उपाय मुंबईने फार पूर्वीच करून पाहिला. १८३२ मध्ये कुत्री मारण्यावरून पारशी समाजाने दंगाच केला. तरी मारणे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले आणि कुत्रीही राहिली. जागा मोकळी झाली, उकिरडा शाबूत राहिला, की बाहेरची येतात. नसबंदीविषयीच्या २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांत नसबंदी केलेले कुत्रे होते तिथेच सोडायला सांगितले आहे, ते याचसाठी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांना वेगळा न्याय लावला: तिथून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची. आवाराला कुंपण हवे, असेही बजावले. फलाटावरच्या प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे.

पकडणाऱ्याची अडचण मात्र यातून वाढते. स्टेशनाबाहेर पोळी घालणारी मावशी आधी एकच गोष्ट विचारते, “परत इथंच आणून सोडणार ना?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत होते, तोवर ती स्वतः कुत्री धरून देत असे. आता ‘हो’ म्हणणे खोटे, आणि ‘नाही’ म्हटले तर कुत्री दुसऱ्या दिवशी तिच्याच ओट्यामागे बांधलेली. निवारा बांधून झाला, तो मावशीला आधी दाखवला आणि हवे तेव्हा येऊन बघायची मुभा दिली, तर त्यातल्या काही कुत्री हाती लागतील. बाकीच्यांसाठी पहाटे, गाडी लांब उभी करून, पायी जावे लागेल.