जामखेडच्या बाया आणि आमचे वर्ग

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले, तेव्हा दोघांपाशी वेल्लोरची पदवी होती आणि अमेरिकेतलं पुढचं शिक्षणही. गावोगावच्या आरोग्याच्या कामासाठी त्यांनी आधी शिकलेल्या नर्स नेमून पाहिल्या. जमलं नाही. नर्स परगावची, बोलणं परगावचं. बाया तिच्यापाशी मोकळ्या होईनात. मग गावानंच निवडलेल्या बायांना हे काम द्यायचं ठरलं. त्यांतल्या बऱ्याच दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती.

दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एका पंगतीला जेवायच्या. डॉक्टर त्यांना जुलाब, खोकला, बाळंतपण शिकवत. पण कुठल्या घरात बाळंतिणीची उपासमार होते, चीक का फेकून देतात, आणि तिथे सुनेशी न बोलता आधी सासूशी का बोलायचं, हे डॉक्टरांना या बायांकडूनच कळणार होतं. 1971 साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. लस, पाणी, सकस आहार हे सगळं त्यामागे होतंच. पण ते उंबरठ्याच्या आत गेलं ते या बायांच्या पायांनी.

अमेरिकेत 1998 साली मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी ‘सांस्कृतिक नम्रता’ ही कल्पना मांडली. समोरच्याची संस्कृती आपल्याला समजली, असं कधीच धरून चालायचं नाही. जन्मभर शिकत राहायचं आणि आपल्या हातातल्या सत्तेकडेही बघायचं. मला यातला सत्तेचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि शिकवताना नेमका तोच गळतो. नम्रता म्हणजे गोड बोलणं, एवढंच विद्यार्थ्यांच्या हाती लागतं.

शिवाय गावाच्या चालीरीतींपुढे मान तुकवणं म्हणजे नम्रता, असाही एक समज आहे. आरोळ्यांनी तसं केलं नाही. गावात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी जागा शोधायला लावल्या दलित वस्तीत. पाणी हवं असेल तर सगळ्यांनी तिथे यावं लागलं. शिवाशिवीचा मान राखायला ते आले नव्हते. जिला चावडीवर कोणी विचारत नव्हतं, तिचं ऐकायला आले होते. रूढीपुढे वाकायचं की माणसापुढे, हे डॉक्टरला ठरवावंच लागतं.

आज आमच्या जिल्ह्यातल्या ओपीडीत पाथर्डीकडची ऊसतोड करणारी बाई येते. साखर वाढलेली, पायाला जखम. शिकाऊ डॉक्टर केसपेपरवर लिहितो: ‘औषधं नियमित घेत नाही.’ पंधरा दिवसांनी दाखवायला या, असं तिला सांगून मोकळा होतो. तिनं मान डोलावली म्हणजे कळलं, असं तो समजतो. शेजारी बसलेल्या नर्सनं सहज विचारलं, ‘कोयत्यावर कधी निघायचं, ताई?’ तेव्हा बाई बोलते. उचल घेऊन झालीय, सोमवारी गाडी निघणार. फडावर पहाटे अंधारातच तोडणी सुरू होते, जेवणाची वेळ ठरलेली नसते, आणि मुकादमाला विचारल्याशिवाय दवाखान्यात जाता येत नाही. जेवणाआधीची गोळी तिनं कधी घ्यायची? तिच्यापाशी दोन महिन्यांच्या गोळ्या, ड्रेसिंगचं सामान आणि कारखान्याजवळच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी असायला हवी. हे सगळं त्या एका प्रश्नावर अवलंबून होतं.

2019 पासून एमबीबीएसला वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारे तास आले, ही चांगली गोष्ट झाली. विद्यार्थी गावातल्या कुटुंबांकडेही जातात. मात्र जातात ते फॉर्म घेऊन. वजन, रक्तदाब, शौचालय आहे की नाही, आणि सही. त्या घरातल्या बाईकडून काय शिकलास, हे परीक्षेत कोणी विचारत नाही.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या तोंडी परीक्षेला टेबलापलीकडे प्राध्यापकांच्या शेजारी गावातल्या आशाताईची खुर्ची असावी, तिच्या दिवसाचं मानधन मिळावं, आणि तिनं दिलेले गुण निकालात धरले जावेत.