लष्कर नसलेल्या देशाची जरब

आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवताना मी पहिल्या तासाला अमेरिका-रशियाचं नाव काढत नाही. सुरुवात आइसलँडपासून करतो. १९७५ साली या बेटाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत होती. लष्कर नाही, शेती जेमतेम, आणि जगाला विकायला मुख्यतः मासळी. अशा देशानं अण्वस्त्रधारी ब्रिटनशी १९५८ ते १९७६ या काळात तीनदा मासेमारीच्या हद्दीवरून भांडण काढलं आणि तिन्ही वेळा आपलं म्हणणं खरं करून घेतलं. वर्तमानपत्रांनी या भांडणांना ‘कॉड युद्धं’ असं नाव दिलं.

हे कसं जमलं असेल, असं वर्गात विचारलं की ‘गनिमी कावा’ हे उत्तर हमखास येतं. ते अर्धं बरोबर आहे. आइसलँडच्या तटरक्षक दलाकडे मोजक्या गस्ती बोटी होत्या: आयगिर, ओडिन, थोर, टीर. १९७२ साली हद्द ५० सागरी मैलांवर नेल्यावर त्यांनी एक हत्यार बाहेर काढलं. जहाजामागं ओढायचा लोखंडी आकडा. ट्रॉलर जाळं ओढत चालला असताना बोट त्याच्या मागून आडवी न्यायची, आकड्यात जाळ्याचे पोलादी दोर अडकवायचे आणि कापायचे. जाळं आणि त्यातली मासळी तळाला. कुणाला खरचटतही नाही, पण ट्रॉलरच्या मालकाची सफर फुकट जाते. सप्टेंबर १९७२ मध्ये आयगिरनं पहिलं जाळं कापलं. पुढं ब्रिटिश फ्रिगेटी ट्रॉलरांच्या रक्षणाला आल्या आणि जहाजं एकमेकांवर आदळू लागली. एका टकरीनंतर आयगिरची दुरुस्ती करताना विजेचा धक्का बसून तिच्यावरचा एक इंजिनिअर दगावला.

पण जाळी कापून आरमार हरत नाही. फ्रिगेटींनी मनावर घेतलं असतं तर त्या गस्ती बोटी एका दुपारात बुडाल्या असत्या. ब्रिटननं ते का केलं नाही, याचं उत्तर राजधानी रेकयाविकपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या केफ्लाविकमध्ये आहे.

सोव्हिएत संघाचा उत्तरी नौदल ताफा कोला द्वीपकल्पातून निघायचा. त्याच्या पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरायचं तर ग्रीनलंड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रातून जावं लागे. त्या वाटेच्या मध्यावर आइसलँड. केफ्लाविकच्या अमेरिकी तळावरून विमानं या पाणबुड्यांचा माग काढत. तो तळ गेला असता तर नाटोचा उत्तरेकडचा डोळाच गेला असता. आइसलँड १९४९ मध्ये नाटोचा संस्थापक सभासद झाला तो लष्कराशिवाय; त्यानं युतीत घातलेलं भांडवल म्हणजे नकाशावरची जागा.

या भांडवलाची किंमत रेकयाविकला फार लवकर कळली. १९४५ मध्ये अमेरिकेनं तळांसाठी ९९ वर्षांचा पट्टा मागितला. आइसलँडनं नकार दिला आणि १९५१ मध्ये दोन्ही बाजूंना सोडता येईल असा संरक्षण करार केला. १९५२ मध्ये हद्द चार मैलांवर नेली तेव्हा ब्रिटिश मच्छीमार व्यावसायिकांनी आइसलँडच्या मासळीला आपल्या बंदरांत बंदी केली. ती मासळी मग सोव्हिएत संघानं घेतली आणि बदल्यात तेल दिलं. नाटोचा सभासद मॉस्कोच्या तेलावर चालतो आहे, हे दृश्य वॉशिंग्टनला कसं वाटलं असेल ते सांगायला नको. १९५६ मध्ये आइसलँडच्या संसदेनं अमेरिकी सैन्य परत पाठवण्याचा ठराव केला. त्याच वर्षी हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले, इकडे अमेरिकेचं कर्ज आलं आणि ठराव बासनात गेला. धमकीचं मोल असं वसूल होतं, हा धडा आइसलँडनं तिथं घेतला असं माझं मत आहे.

तीनांतली शेवटची दोन भांडणं या धड्याची उजळणी आहेत. मे १९७३ मध्ये ब्रिटिश फ्रिगेटी वादग्रस्त पाण्यात शिरल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पॉम्पिदू शिखर भेटीसाठी रेकयाविकला उतरले. जगाच्या उलाढालीवर बोलायला आलेल्या पाहुण्यांना यजमानांनी कॉड माशाची गाऱ्हाणी ऐकवली. निक्सनचे सल्लागार किसिंजर यांनी आठवणींत हा प्रसंग थक्क होऊन लिहिला आहे. १९७४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आइसलँडच्या विरोधात गेला. आइसलँड तिथं हजरच राहिला नव्हता. कायदा ब्रिटनच्या बाजूनं होता, हे आइसलँडप्रेमी लेखक दडवतात. मी दडवत नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, आइसलँडनं हद्द थेट २०० मैलांवर नेली.

तेव्हाचे पंतप्रधान गेइर हाल्ग्रिम्सन नाटोचे खंदे समर्थक, आणि त्यांची ताकद नेमकी यातच होती. डाव्या नेत्यानं ‘तळ बंद करू’ म्हटलं की ती त्याची नेहमीची घोषणा ठरते. उजव्या पंतप्रधानानं ‘लोक आता माझं ऐकत नाहीत’ म्हटलं की मित्रांची झोप उडते. १९ फेब्रुवारी १९७६ रोजी आइसलँडनं ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. नाटोच्या एका सभासदानं दुसऱ्याशी असं करण्याची ती पहिलीच वेळ. जूनमध्ये ऑस्लोत समझोता झाला: सहा महिने, एका वेळी फक्त २४ ब्रिटिश ट्रॉलर, मग कुणी नाही. ब्रिटनतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी. त्यांचा मतदारसंघ ग्रिम्सबी, म्हणजे ट्रॉलरवर जगणारं बंदर. आपल्याच मतदारांच्या पोटावर पाय देणारी सही त्यांना करावी लागली. गंमत अशी की १ जानेवारी १९७७ पासून ब्रिटननंही युरोपीय शेजाऱ्यांसह २०० मैलांची मासेमारी हद्द लागू केली. ज्या आकड्याविरुद्ध फ्रिगेटी धाडल्या, तोच त्यांनी उचलला.

हाच आकडा १९८२ च्या सागरी कायदा करारात आला. भारतानं त्याआधीच, १९७६ मध्ये, २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा कायदा केला होता. मालवणच्या किनाऱ्यावर हे सांगितलं तर रापणकर हसतील. त्यांचं भांडण बारा मैलांच्या आतल्या परप्रांतीय ट्रॉलरशी आणि आपल्याच पर्ससीनवाल्यांशी आहे. आइसलँडमध्येही परके गेल्यावर घरच्याच बोटींनी समुद्र उपसला आणि १९८४ पासून कॉडला कोटा लावावा लागला.

जागेचं भांडवल चालवायला सार्वभौमत्व लागतं. मॉरिशसकडे ते नव्हतं. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी देणाऱ्या आणि मराठी वंशाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या या देशापासून ब्रिटननं १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, तीस लाख पौंड देऊन चागोस बेटं तोडली. तिथले रहिवासी हुसकले गेले आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभा राहिला. मे २०२५ मध्ये सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या, पण तळ ९९ वर्षं तिथंच राहील या अटीवर. आइसलँडनं १९४५ मध्ये हाच आकडा नाकारला होता.

आणि हे भांडवल कायमचं नसतं. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेनं केफ्लाविक सोडलं. पाणबुड्यांची भीती सरली होती. दोन वर्षांनी आइसलँडच्या बँका कोसळल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रिटननं लांड्सबांकी या बँकेची मालमत्ता दहशतवादविरोधी कायदा वापरून गोठवली. अमेरिकी मध्यवर्ती बँकेनं स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कला डॉलर दिले, आइसलँडला नाही. सरकारनं रशियाच्या कर्जाची भाषा काढून पाहिली, पण १९५६ ची जादू चालली नाही. शेवटी नाणेनिधीच्या दारात उभं राहावं लागलं. शौर्य तेच होतं, माणसंही तीच. मोठ्यांची गरज संपली होती. म्हणून छोट्या देशाच्या यशाचं श्रेय मी त्याच्या जिद्दीला कमी आणि मोठ्याच्या काळजीला जास्त देतो.

आइसलँडची गोष्ट ऐकताना आपण नकळत त्याच्या बाजूचे होतो. हिंदी महासागरात मात्र आपली खुर्ची ब्रिटनच्या रांगेत आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधलं बंड आपण मोडलं, डिसेंबर २०१४ मध्ये मालेला पिण्याचं पाणी पोचवलं. तरी २०२३ मध्ये मोहम्मद मुइझ्झू भारतीय सैनिक परत पाठवण्याचं आश्वासन देऊन तिथं राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. ते सैनिक शंभरही नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडे मालदीवची तिकिटं रद्द करण्याची लाट आली. दिल्लीनं मात्र मेपर्यंत सैनिकांच्या जागी तंत्रज्ञ पाठवले आणि ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीत आले तेव्हा ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदल देऊ केली. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला भारताचे पंतप्रधान मालेत प्रमुख पाहुणे होते. याला शरणागती म्हणणारे पुष्कळ भेटले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं आपलं ते सर्वांत समंजस परराष्ट्र धोरण होतं.