उभं वाळलेलं लाकूड

मेलेलं झाड रानात तसंच उभं ठेवायचं, हा मला बरीच वर्षं श्रीमंत देशांचा माज वाटत असे. मी बल्लारपूरकडचा, लाकडाच्या वखारीत वाढलेला. आमच्या घरी झाडाकडे बघायची रीत ठरलेली होती. घेर किती, सरळ किती, आतून पोकळ तर नाही ना? वाळलेला साग उभा दिसला की काका म्हणत, "पैसा सडून राहिलाय." म्युनिकला आल्यावर बव्हेरियातली रांगेत लावलेली स्प्रूसची रानं आणि रस्त्याकडेला रचलेले, नंबर टाकलेले ओंडके बघून मी खूश झालो. जंगल ठेवावं तर असं, हे मी भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असे.

त्यामुळे बव्हेरियन फॉरेस्ट नॅशनल पार्क पाहिलं तेव्हा मला रागच आला. तिथे लुझेन नावाचा १,३७३ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर राखाडी, सोललेल्या, मेलेल्या स्प्रूसचे खांब उभे होते, आणि पायाशी त्यांचेच भाईबंद आडवे. हे पार्क १९७० सालचं, जर्मनीतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९८३च्या ऑगस्टमधल्या वादळात इथली झाडं मोठ्या प्रमाणावर कोसळली, तेव्हा बव्हेरियाचे वनमंत्री हान्स आयझेनमान यांनी ती न उचलण्याचा निर्णय दिला. पडलेल्या लाकडात साल पोखरणारे भुंगेरे माजले. नव्वदच्या दशकात त्यांनी उभ्या रानावर हल्ला केला आणि हजारो हेक्टर स्प्रूस वाळून गेला. आसपासचे गावकरी भडकले. पिढ्यान्‌पिढ्या लाकडावर जगलेली माणसं ती; मला त्यांचं म्हणणं न सांगता कळत होतं.

माझं मत कुणा पर्यावरणवाद्याने बदललेलं नाही. ते सुतारपक्ष्यांनी बदललं, आणि तेही ओळखायला जड जातात म्हणून.

युरोपात सुतारांच्या दहा जाती. स्पेन-पोर्तुगालमधला हिरवा वेगळा धरला तर अकरा. काही सोप्या आहेत. ब्लॅक वुडपेकर जवळजवळ कावळ्याएवढा आणि अख्खा काळा. नराची टाळू पूर्ण लाल, मादीला फक्त मागे लाल ठिगळ. ग्रीन वुडपेकर जमिनीवर मुंग्या टिपताना सापडतो आणि मोठ्याने हसल्यासारखा ओरडतो. राईनेक झाडाच्या सालीच्या रंगाचा. युरोपातले राईनेक थंडीत बहुतेक आफ्रिकेत जातात. आशियातले त्यांचे भाऊबंद भारतात उतरतात, महाराष्ट्रातही.

गोची आहे ती काळ्या-पांढऱ्या मंडळींची. ग्रेट स्पॉटेडच्या खांद्यावर मोठे पांढरे डाग, शेपटीखाली लालभडक आणि नराच्या मानेमागे लाल तुकडा. मिडल स्पॉटेडची टाळूच लाल. हे पाठ करून निघावं, तर जूनमध्ये ग्रेट स्पॉटेडची पिल्लं ढोलीबाहेर येतात तीही लाल टाळू घेऊन! मग गालावरची काळी पट्टी बघायची: ग्रेटची चोचीला भिडते, मिडलची अलीकडेच संपते. व्हाइट-बॅक्ड आकाराने यांच्यापेक्षा मोठा, खांद्यावर डाग नाही, पंखांवर आडव्या पट्ट्या आणि पाठीचा खालचा भाग पांढरा. हे सगळं पानांच्या गर्दीत, उजेडाकडे तोंड करून, मान मोडेपर्यंत वर बघत. (मिडल स्पॉटेड हा आपल्याकडच्या पिवळ्या टाळूच्या सुताराचा जवळचा नातलग. आपल्या सुताराचं शास्त्रीय नाव 'महरट्टेन्सिस', लॅथमने १८०१ मध्ये ठेवलेलं. हे कळल्यापासून मिडल स्पॉटेडबद्दल मी थोडा पक्षपाती आहे.)

कानाची मदत होते. ग्रेट स्पॉटेडचा खोडावरचा ताशा जेमतेम अर्धा सेकंद वाजतो आणि तुटतो. ब्लॅकचा दोन-तीन सेकंद घुमतो. व्हाइट-बॅक्डचा टेबल टेनिसच्या सुटलेल्या चेंडूसारखा शेवटाकडे घाईला येतो. मिडल मात्र क्वचितच वाजवतो. वसंतात तो नाकातून रडगाणं गातो. पण हे मुख्यतः उन्हाळ्याआधीचे प्रकार. जूननंतर रान गप्प होतं आणि आपण पुन्हा पंखांकडे.

इथले जाणकार दुर्बीण लावायच्या आधी झाड बघतात. खडबडीत सालीचे जुने ओक असतील तर मिडल. भुसभुशीत झालेला बीच किंवा दुसरं पानझडी लाकूड असेल तर व्हाइट-बॅक्ड. नुकता मेलेला किंवा मरू घातलेला स्प्रूस असेल तर थ्री-टोड. आणि इथे मला अचानक भाव आला, कारण लाकूड मला कळतं. कुठलं खोड आतून मऊ पडलंय, कुठे बुरशी शिरलीय, कुठली साल सुटायला आलीय, हे मी लांबून सांगू शकतो. पक्षी दिसायला लागले ते त्या नजरेमुळे. अडचण एवढीच होती की वखारीत जे खोड मी पहिल्या फटक्यात बाद केलं असतं, नेमक्या त्याच खोडावर पक्षी असायचा.

थ्री-टोडने तर माझी पुरतीच पंचाईत केली. या पक्ष्याच्या अंगावर लाल रंगाचा ठिपकाही नाही. नराची टाळू पिवळी, पायाला चारऐवजी तीन बोटं, आणि माणसाची फारशी पर्वा नाही. जवळ उभं राहून बघता येतं: सालीचे कपचे उडवत तो खालच्या अळ्या काढत असतो. या अळ्या त्याच भुंगेऱ्यांच्या, ज्यांच्यामुळे गावकरी आणि मी चिडलो होतो. ही मेजवानी काही वर्षांचीच. साल गळाली की भुंगेरे संपतात, थ्री-टोड पुढे सरकतो, आणि कुजणाऱ्या लाकडात वेगळे किडे, वेगळी बुरशी, वेगळी गिऱ्हाइकं येतात. मेलेल्या झाडालाही वयं असतात. ती सगळी एकाच रानात हवी असतील, तर झाडं सतत मरत राहिली पाहिजेत आणि कुणी ती उचलता कामा नये. शिस्तीच्या रानात नेमकं हेच होत नाही. तिथे झाड तरणंताठं असतानाच कापलं जातं.

लुझेनवर आता पडलेल्या खोडांच्या मधून नवा स्प्रूस वर आला आहे, रोवनची झाडंही. रान आपलं आपण उगवलं. याचा अर्थ गावकरी मूर्ख होते असा मी काढत नाही. भुंगेऱ्याला पार्कची हद्द कळत नाही, आणि चार-पाच हेक्टर स्प्रूसवर ज्याचं म्हातारपण अवलंबून आहे त्याला सुतारपक्ष्याची थोरवी सांगणं सोपं आहे, विशेषतः म्युनिकमध्ये पगार घेऊन. पार्कच्या कडेच्या पट्ट्यात कीड लागलेली झाडं आजही तोडून काढतात. काही पक्षीमित्रांना ते खुपतं. मला रास्त वाटतं.

काकांना व्हिडिओ कॉलवर एक खोड दाखवलं. भोकं, बुरशी, सोललेली साल, सगळं.

"काका, मरून कैक वर्षं झाली याला."

"मंग काहून ठेवलं उभं?"

मी पक्षी, अळ्या, ढोली असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोणाचं आहे हे?"

"सरकारचं."

"तरीच. अन् तुमच्याकडे टेबलं कशाची करतात मग?"

"शेजारच्या रानातल्या झाडांची, काका."