ओसरीवरचे गाणे

एखादी स्वरावली कानांत भिनली म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी कानी घातल्यावाचून माणसाला चैन पडत नाही; आणि घरच्या मंडळींचे, स्नेह्यांचे, कचेरीतील सोबत्यांचे कान पुरेसे शिणून गेल्यावर उरतो तो परका मनुष्य, ज्याची आपली ओळख नाही आणि ज्याला गाण्याशी काडीचेही कर्तव्य नाही. अशा माणसापुढे आपले वेड मांडणे शिष्टाचारात बसत नाही, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते मान्य नाही. आपले संगीत आज जितक्या घरांत पोहोचले आहे, तितक्या घरांत ते पोहोचविले या आगंतुक आग्रहानेच.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर 1896 साली मिरज सोडून बाहेर पडले, तेव्हा गाणे संस्थानिकांच्या मर्जीवर आणि खासगी बैठकींच्या उंबरठ्याआड नांदत होते. त्यांनी ते तिकीट लावून चारचौघांत आणले आणि 1901 मध्ये, जिथे त्यांची भाषा बोलणारे कोणी फारसे नव्हते अशा लाहोरात, गांधर्व महाविद्यालय उघडले. परक्या मुलखात परक्या माणसांना बसवून घेऊन ऐकविणे, याला जे धैर्य लागते त्याची आपण पुरेशी कदर केलेली नाही.

पुढे ते काम तबकडीने हाती घेतले. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची ती काळी चकती, पण जाणकार आणि अडाणी असा भेद तिला करता येत नाही, हेच तिचे मोठेपण. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात वाजत असताना भीमसेन जोशी नावाच्या पोराच्या कानी पडली, आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. खिशात पैसा नाही, तिकीट नाही, तेव्हा डब्यातल्या उतारूंना गाणी ऐकवीत आणि ते देतील त्यावर पोट भरीत त्याने मजल-दरमजल केली. ते उतारू काही मैफलीला निघालेले नव्हते. कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी लेकीच्या घरी, कोणी बाजाराला निघाले असतील. तरीही त्यांनी ऐकले, आणि ऐकून हातावर काही ठेवले. त्या अनाम श्रोत्यांचे ऋण मला नामांकित रसिकांच्या ऋणाइतकेच मोठे वाटते.

मी तालुक्याच्या गावी नोकरीस असताना संध्याकाळी ओसरीवर ग्रामोफोन मांडून बसत असे. चावी पुरती द्यायची, बोथटलेली सुई काढून नवी बसवायची, तबकडीवरची धूळ मऊ फडक्याने गोलाकार टिपायची, आणि मग तो सुरुवातीचा खरखराट ओसरून खाँसाहेबांचा टोकदार, किंचित अनुनासिक, पण अंतःकरणापर्यंत जाणारा स्वर उमटेपर्यंत श्वास रोखून धरायचा. एके दिवशी कचेरीचा एक शिपाई सहीसाठी दफ्तर घेऊन आला. तो खांबाला टेकून उभा राहिला, पागोट्याचा शेव चाळवीत, वाट पाहणाऱ्या माणसाच्या तटस्थ मुद्रेने. तबकडी संपली, मी सह्या केल्या, दफ्तर काखेत मारून तो दोन पायऱ्या उतरला आणि वळून म्हणाला, "रावसाहेब, त्यो बाबा मधीच गप का झाला वो? मला वाटलं, रडतोय का काय."

खाँसाहेब एका स्वरावर येऊन क्षणभर थबकले होते, आणि त्या थबकण्यातच सारी आर्तता साठलेली होती. वर्षानुवर्षे बैठकी ऐकलेली माणसे तिथे सवयीने मान डोलावतात आणि पुढे सरकतात. या गृहस्थाला रागाचे नाव ठाऊक नव्हते, ताल ठाऊक नव्हता, गाणाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते, पण ती जागा मात्र बरोबर ठाऊक झाली होती. मी काही न बोलता तीच बाजू पुन्हा लावली. तो दफ्तर पायरीवर ठेवून खाली बसला.

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की, उदासीन माणूस गाण्याचा वैरी नव्हे. त्याला दूर लोटतो तो आपला उत्साहाने केलेला खुलासा. स्वर सुरू व्हायच्या आत आपण घराणे सांगतो, वादी-संवादी सांगतो, समेवर बोट उगारतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपली परीक्षा चालली आहे. परीक्षेच्या धाकाने कोणाचाही कान उघडत नाही. त्या शिपायाला मी आधी झिंझोटी समजावून दिली असती तर तो "व्हय जी, व्हय जी" म्हणत उभा राहिला असता आणि सह्या होताच निघून गेला असता.

म्हणून, वाचकहो, विनंती एवढीच: गाणे लावाल तेव्हा दार लोटू नका, खिडकी मिटू नका, कोणी क्षणभर रेंगाळला तर त्याला बसायला जागा द्या, आणि त्याने स्वतः विचारीपर्यंत रागाचे नाव सांगू नका.