पंप मोठा, वायर तीच

तुमच्याही घरात एखादा गाडीवेडा असेलच. आमच्याकडे माझा भाचा आहे.

आम्ही होसकोट्यात राहतो. इथे पहाटे चारला बिर्याणीसाठी बेंगळुरूहून गाड्यांची रांग लागते. एका रविवारी भाचाही आला. गाडीत टर्बो बसवलेला, पेट्रोलचा पंपही मोठा. म्हणाला, "मामीला घेऊन कोलारपर्यंत जाऊन येऊ, मामा!"

मी इलेक्ट्रिशियन. निघण्याआधी सवयीने फ्यूजबॉक्स उघडला. पंपाच्या रिलेखालचं प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झालं होतं.

"वायर बदललीस का?"

"नाही मामा, फक्त पंप बदलला."

बेडरूमच्या दिव्याच्या वायरीवर तुम्ही गीझर चालवाल का? इथे तेच झालं होतं. इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीपाशी 14 व्होल्ट, पंपापाशी 11. पंप ओढत होता 15 अँपियर. म्हणजे वाटेतच 3 व्होल्ट गळत होते आणि त्यांची 45 वॅट उष्णता होत होती. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. शिवाय कमी व्होल्टेजवर पंप दमतो, पेट्रोल अपुरं पडतं आणि टर्बोच्या इंजिनात पिस्टन जळू शकतो.

कोलार राहिलं. पुढचे दोन रविवार आम्ही दोघं अंगणात होतो. बॅटरीपासून पंपापर्यंत वेगळी, जाड, तांब्याची वायर ओढली. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला, कारण फ्यूज असतो तो वायर वाचवायला. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घातला. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा केला. टाकीच्या आतली वायर आणि झाकणातला जोड पेट्रोलमध्ये टिकणाराच घेतला. टाकी उघडण्याआधी बॅटरीची तार काढली.

भाच्याला पंपासाठी डॅशबोर्डवर एक बटण हवं होतं. तिथे मात्र मी अडून बसलो. नव्या रिलेला चालू-बंदचा इशारा कंपनीच्या जुन्या वायरीतूनच दिला. इंजिन बंद पडलं की कंपनीची यंत्रणा पंप थांबवते. नुसत्या बटणावर ठेवलं, तर अपघातानंतर फुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहतच राहील.

पुन्हा मोजलं. पंपापाशी 13.6 व्होल्ट. भाचा खूश!

"आता मामीला नेऊ?"

मी नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आरसीबुकात नोंदलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या गावावरून जाणारा जुना मद्रास रस्ता चेन्नईकडे जातो. त्या बाजूला इरुंगट्टुकोट्टईला रेसचा ट्रॅक आहे. तिथे ट्रकवर घालून ने आणि मनसोक्त पळव, म्हटलं.

तो थोडा रुसला. मामीने गरम उपीट पुढे केलं, तेव्हा हसला.

तुमच्या घरातल्या गाडीवेड्याला रागावू नका. फक्त एवढंच विचारा, "पंप बदललास, वायर बदललीस का? फ्यूज कुठे लावलास?" उत्तर लगेच आलं नाही, तर गाडीत बसू नका.