चाळीस इंच

बॉस्टनजवळ मुलाकडे राहून परतलं की सगळे विचारतात, काय काय पाहिलंत? मी सांगते, विजेचे खांब. लोक हसतात. पण एवढ्या श्रीमंत देशात रस्त्याकडेला अजून लाकडी खांब उभे आहेत, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं! चाळीस फुटी खांब असेल तर साधारण सहा फूट जमिनीत (लांबीचा दहावा भाग अधिक दोन फूट, तोंडी हिशोब). सर्वांत वर वीज, आणि तिच्याखाली फायबर, केबल टीव्ही, टेलिफोन.

सूनबाई एका वीज कंपनीत याच खांबांचं काम करते. म्हणजे खांबावर चढत नाही हो. ज्यांना त्यावर आपली तार टांगायची असते ते पोर्टलवर अर्ज करतात, तो ती तपासते. ती घरून काम करते त्या दिवशी मी चहा घेऊन शेजारी बसते. नकाशावर खांब म्हणजे एक ठिपका. टिचकी मारली की त्याची कुंडलीच उघडते: क्रमांक, उंची, वय, कुणाकुणाच्या तारा, फोटो. अर्ज आला की पाहणी, मग खर्चाचा अंदाज, मग पैसे, मग आधीच्या तारा वरखाली सरकवून जागा करणं (याला ‘मेक रेडी’ म्हणतात) आणि शेवटी परवाना.

खांब वीज कंपनीचा, तर ती सरळ नाही का म्हणत नाही? म्हणता येत नाही. भाडं वाजवी असावं असा कायदा १९७८ मध्ये झाला आणि १९९६ मध्ये केबल आणि दूरसंचार कंपन्यांना खांब वापरायचा हक्कच मिळाला. मॅसॅच्युसेट्ससारखी काही राज्यं हा कारभार स्वतः पाहतात. नकाराची कारणं मोजकीच. जागा नसणं हे एक, आणि सुरक्षितता हे दुसरं.

त्या दुसऱ्या कारणावरून परवा आमच्यात वाद झाला. एका अर्जात साठेक खांब होते, सगळे डोंगराकडच्या वस्तीचे. त्यातल्या एका खांबावर विजेची तार आणि नवी तार यांत सदतीस इंच अंतर भरत होतं. लागतं चाळीस. तिने अर्ज परत पाठवला.

मी म्हटलं, "अगं, तीन इंचांसाठी? तिकडची मुलं अभ्यास कशी करत असतील?"

"आई, ते चाळीस इंच रिकामे नसतात. केबलचा माणूस शिडीवर उभा राहतो तेव्हा त्याचं डोकं आणि हात तिथे असतात. त्याला विजेचं शिक्षण नसतं."

यावर काय बोलणार? पण वस्तीही डोळ्यांपुढून जाईना. याच राज्यात लेव्हरेट नावाचं दोनेक हजार वस्तीचं गाव आहे. कंपन्या फिरकेनात म्हणून २०१२ मध्ये गावसभेने कर्ज काढायचं ठरवलं आणि स्वतःचं फायबर टाकलं. त्यांनाही खांबांवर जागा करून घेण्यातून सुटका नव्हतीच.

आता तोडगा असा की टेलिफोनची तार थोडी खाली घ्यायची, म्हणजे नवी तिच्याबरोबर खाली येईल. पण टेलिफोनवाल्यांची तार टेलिफोनवाल्यांनीच हलवायची. पोर्टल त्यांना ‘तुमची पाळी’ एवढंच कळवतं. माणूस पाठवणं त्यांच्या हाती. म्हणून तर इथे कित्येक ठिकाणी नव्या खांबाला खेटून जुना अर्धा खांब उभा दिसतो. वीज नव्यावर गेलेली, एखादी तार मात्र अजून जुन्यावरच! असा जोडखांब नव्वद दिवसांत काढावा असा राज्याचा कायदा आहे. आमच्या कोपऱ्यावरच्याला मी गेल्या खेपेपासून ओळखते.

आपल्याकडेही २०२२ मध्ये टॉवर आणि फायबरच्या परवानग्यांसाठी गतिशक्ती संचार पोर्टल आलं, आणि त्याच वर्षी रस्त्यावरच्या खांबांवर तारा नेण्याची नियमांत सोय झाली. चांगलंच झालं. पण माझ्या गल्लीतल्या खांबावर जी काळी वेटोळी लोंबतात, त्यांतली कुठली कुणाची ते आमच्या वायरमनलाही सांगता येत नाही. धंदा बंद केलेल्या केबलवाल्याची तारही त्यात असणार. त्यातूनच वाट काढत तो वर चढतो. त्याचे चाळीस इंच कुणी मोजलेत?

सूनबाईचा तो ठिपका काल संध्याकाळी पिवळा होता. म्हणजे टेलिफोनवाल्यांना निरोप पोचला आहे, तारीख अजून दिलेली नाही. तिने सोमवारी फोन करायचं टिपून ठेवलंय.